शिकाऱ्याचे कापड



कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने शिकारीच्या कपड्यांवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही बंदूक कधी हाती धरलेली नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या देशात हौसेची शिकार हा गुन्हाच झाला आहे. तेव्हा आता ती धरण्याचा संभवही नाही. पण आमचे आयुष्य गेले ते कापडाच्या सहवासात. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या दाराशी. कापड दिसले की ते कोणी विणले, कोणी रंगवले आणि कोणाच्या अंगावर चढले, हे विचारण्याची खोड आम्हांस त्यातूनच जडली. त्या खोडीपायी आम्ही शिकाऱ्याच्या कापडाच्या मागे लागलो, आणि त्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला : हे कापड निवडताना माणूस लपू पाहतो तो कोणापासून?

जनावरापासून, असे उत्तर कोणीही देईल. पण इंग्लंडातील कोल्ह्याची शिकार पाहा. घोड्यावर बसलेले सरदार-जमीनदार भडक लाल कोट घालून कोल्ह्यामागे धावत. कोल्ह्याचा माग काढीत कुत्री, तीही नाकाने; कोल्हा आधीच जीव घेऊन पळत सुटलेला. तेथे लपण्याचे कारणच नव्हते. उलट शेते, कुंपणे आणि धुके यांतून स्वार एकमेकांना दिसले पाहिजेत, एवढीच गरज. म्हणजे शिकारीचा पोशाख हा दरवेळी छद्मवेष नसतो. ज्याला पायी चालत, वाऱ्याचा अंदाज घेत जनावराच्या जवळ जायचे आहे, त्यालाच लपण्याच्या कापडाची गरज पडते. हे काम पोटासाठी करणाऱ्यांनी ते कापडाशिवायही करून दाखवले.

आपल्याकडचे पारधी घ्या. ‘पारध’ म्हणजेच शिकार. जमातीचे नावच तिच्या कसबावरून पडले. फासे लावून हरणे व तितर धरणारे ते फासेपारधी. बैलाच्या आडोशाने शिकार साधणारी पारध्यांची एक शाखा होती, तिला गायके किंवा गायपारधी म्हणत. शिकवलेला बैल चरत चरत काळविटांच्या कळपाकडे सरकायचा आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला वाकून पारधी सरकायचा. चरणारे गुरू काळविटाच्या रोजच्या पाहण्यातले. त्याला त्याची भीती कशाला वाटेल? कापडाचा रंग, पाने, फांद्या काही नको. ज्याला फसवायचे तो कशाला भितो आणि कशाला भीत नाही, एवढे पक्के ठाऊक असले की पुरे. अठराव्या शतकातील कित्येक चित्रांत भिल्ल स्त्रीपुरुषांची रात्रीची शिकार रंगवलेली आहे. कमरेला पानांचे वस्त्र, हाती दिवा आणि घंटा. हरणे उजेडाकडे पाहत खिळून उभी राहतात आणि उजेडामागच्या अंधारात तिरंदाज असतो. पानांचे ते वस्त्र चित्रकाराने किती पाहून काढले आणि किती ऐकून, हे सांगणे कठीण. परंतु उजेडाच्या मागे माणूस दिसत नाही, ही युक्ती मात्र पाहून काढलेलीच वाटते.

या कसबी माणसांचे पुढे काय झाले, ते कापडाच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. रानात दिसेनासे होता येणे, हेच ज्यांचे कौशल्य, ती माणसे सरकारला नेमकी नजरेसमोर हवी होती. हजेरी, परवाना, कुंपण. सोलापुरात अशा जमातींसाठी जी वसाहत उभी राहिली तिला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतात. त्या कुंपणाआडची माणसे सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला जात. जो बैलाआड लपून काळविटापर्यंत जाई, त्याच्या नातवाने साच्यासमोर उभे राहून कापड काढावे, आणि संध्याकाळी हजेरीसाठी पुन्हा कुंपणात यावे! तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य येऊन पाच वर्षे झाल्यावर.

आता ज्या देशात शिकारीसाठी मुद्दाम कापड विणले गेले, त्या स्कॉटलंडकडे वळू. एकोणिसाव्या शतकात तेथील डोंगराळ भागातून कुळांना हुसकून प्रथम मेंढ्यांना जागा करण्यात आली. आणि पुढे कित्येक ठिकाणी मेंढ्याही काढून नुसती हरणांची राने राखण्यात आली. ती राने दक्षिणेकडचे धनिक लोक शिकारीसाठी विकत किंवा खंडाने घेऊ लागले. स्कॉटलंडात घराण्याघराण्यांचे चौकड्यांचे कापड असते, त्यास टार्टन म्हणतात. नव्या धन्यांना कोणत्याच घराण्याचे टार्टन लागू नव्हते. मग त्यांनी आपापल्या जहागिरीचे वेगळे लोकरी कापड विणवून घेण्यास सुरुवात केली. ग्लेनफेशी जहागिरीचे कापड १८४० च्या दशकातले, आणि ते या प्रकारातले पहिले मानतात. बाल्मोरल येथे व्हिक्टोरिया राणीचा पती आल्बर्ट याने १८५३ च्या सुमारास स्वतः एक करड्या रंगाचे कापड ठरवले. दुरून ते तिकडच्या ग्रॅनाइटच्या खडकासारखे दिसे. लॉर्ड लोव्हॅट याने डोंगरउतारावरचे हिरवे, तपकिरी, निळसर, पिवळे रंग पाहून त्यांचे मिश्रण लोकरीत उतरवले, असे सांगतात. त्या रंगाला आजही ‘लोव्हॅट’ म्हणतात.

विणकामाच्या दृष्टीने यातली खुबी अशी की, येथे कापड विणून झाल्यावर रंगवीत नाहीत. लोकर आधी निरनिराळ्या रंगांत रंगवून मग एकत्र पिंजतात आणि तिचे सूत काढतात. जवळून पाहिले तर एका धाग्यात चारपाच रंग; पन्नास पावलांवरून पाहिले तर डोंगर. शिवाय लोकरीचे कापड झुडपाला घासले तरी सळसळत नाही आणि भिजले तरी ऊब धरून राहते. हरणाचे कान आणि नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा वस्ताद, तेव्हा आवाज न करणारे कापड आणि समोरून येणारा वारा, ही दोन साधली तरच रंगाचा उपयोग.

पण हे कापड धन्याने स्वतःपुरते ठेवले नाही. जहागिरीवरच्या रानराख्यांना, हरणांच्या वाटा दाखवणाऱ्यांना आणि मारलेले जनावर तट्टावर घालून आणणाऱ्या गड्यांना तेच कापड गणवेश म्हणून मिळू लागले. या गड्यांना तिकडे ‘गिली’ म्हणत. गेलिक भाषेत त्याचा अर्थ पोऱ्या, चाकर. आम्हांस यातली गंमत येथे दिसते. एकच कापड हरणापासून लपवते आणि त्याच वेळी अंगावर घालणारा कोणाचा चाकर आहे हे शेजारच्या जहागिरीला दाखवते. शिपाई, पट्टेवाले आणि ड्रायव्हर यांच्या गणवेशासाठी आणि धुलाईभत्त्यासाठी आम्ही किती वाटाघाटी केल्या त्याची मोजदाद नाही; गणवेशाला ही दुसरी बाजू असते हे आम्हांस तेव्हाच कळून चुकले होते.

शिकाऱ्याचे कापड रानातून सैन्यात कसे शिरले, ही हकिकत याहून जुनी आहे. जर्मन भाषेत ‘येगर’ म्हणजे शिकारी. अठराव्या शतकात प्रशियाच्या व इतर जर्मन राजांनी रानराखे आणि शिकारी यांच्या पलटणी उभारल्या. ते आपला हिरवा कोट घेऊनच आले. १८०० साली इंग्रजांनी रायफलवाल्यांची तुकडी काढली तिलाही हिरवा कोट दिला, बाकीचे सैन्य लाल कोटात असताना. जो एकेकटा, आडोशाने, नेम धरून लढतो त्याला शिकाऱ्याचा रंग. जो रांगेत उभा राहून हुकमावर गोळी झाडतो त्याला लाल. दारूच्या धुरात सेनापतीला आपली रांग दिसली पाहिजे, यापुढे त्या रांगेतल्या शिपायाचा जीव दुय्यम.

हा हिशेब बदलण्याची सुरुवात आपल्या उपखंडात झाली. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन याने पेशावरला ‘गाइड्स’ नावाचे पथक उभारले. त्याने शिपायांना स्थानिक पद्धतीचे सैल कपडे घालू दिले आणि पुढे ते मातीच्या रंगाचे ठरवले. त्याचा दुय्यम अधिकारी हॉडसन याने, धुळीच्या मुलखात माणूस धुळीसारखाच दिसावा, या विचाराने कपड्यांची व्यवस्था केली. ‘खाक’ म्हणजे धूळ, राख, तीवरून खाकी. १८५७ च्या उठावात गोऱ्या पलटणींनीही उन्हाळ्यात आपले पांढरे कपडे शाई, चहा, कॉफी, तंबाखूचे पाणी, तुतीचा रस, चिखल, जे मिळेल त्यात बुडवले. एका पलटणीत दहा छटा! आणि एका पावसाळ्यात सगळ्या पुन्हा फिक्या. उठाव संपताच त्या पलटणी पुष्कळ अंशी पांढऱ्या व लाल कपड्यांकडे परतल्या. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात पुन्हा खाकी आली. अडचण एकच होती, रंग टिकत नव्हता.

ती सोडवली ती सेनापतीने नव्हे, रंगाऱ्याने. लँकेशायरमध्ये फ्रेडरिक गॅटी याने १८८४ साली पक्क्या खाकी रंगाचे पेटंट घेतले. या रंगात वनस्पतीचा रस नाही आणि डांबरापासून काढलेला रंगही नाही. लोखंड आणि क्रोमियम यांच्या क्षारांच्या द्रावणातून कापड काढायचे, सुकवायचे, मग उकळत्या सोड्यातून न्यायचे. त्या दोन धातूंचे गंज सुताच्या आतच तयार होतात. गंज उन्हाने उडत नाही, साबणाने जात नाही. म्हणून हे कापड रंगले म्हणण्यापेक्षा गंजले म्हणणे अधिक बरोबर. ते ताठ होते आणि शिंप्याच्या सुया झिजवते, ही त्याची खोड. शिवणाऱ्याच्या बोटांना ती ठाऊक. आणि क्रोमचे क्षार ज्या बायक्रोमेटपासून होतात, ते हाताळणाऱ्यांच्या कातडीवर लवकर न भरणारे व्रण पडतात. शिकारीच्या पुस्तकांत खाकीचे गुण पुष्कळ वर्णिलेले आहेत. हे व्रण त्यांत नाहीत. पुढे १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रज सैन्य खाकीत लढले आणि १९०२ पासून मायदेशीच्या सैन्याचाही कामाचा पोशाख त्याच कुळातल्या मातकट रंगाचा झाला.

साहेबाच्या शिकारीच्या पेटाऱ्यातही खाकी ड्रिलचा कोट, त्याच कापडाची विजार आणि सोला टोपी हे त्रिकूट ठरून गेले. वाघाची मोठी शिकार मात्र पायी नव्हे, मचाणावरून किंवा हत्तीवरून. १९११ साली बादशहा पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला, तेव्हा दहा दिवसांत एकोणचाळीस वाघ मारले गेले. हत्तींच्या कड्यात कोंडलेल्या वाघापुढे बंदूकवाल्याने खाकी घातली काय आणि जरतारी घातली काय! मध्य हिंदुस्थानातल्या हाक्यात साहेब मचाणावर पानांआड खाकीत, आणि खाली ढोल-डबे वाजवीत, आरडाओरडा करीत येणारे हाकारे धोतर-लंगोटीत. त्यांनी वाघाला दिसायचे, ऐकू यायचे, त्याला पुढे ढकलायचे. बिथरलेला किंवा जखमी वाघ मागे वळला तर तो मचाणाकडे जात नसे. लपण्याचे कापड होते ते सर्वांत सुरक्षित जागी बसलेल्या माणसाच्या अंगावर.

पहिल्या महायुद्धाने ही विद्या कारखान्यात नेली. १९१४ मध्ये फ्रेंच शिपाई लाल विजारी घालून रणांगणात उतरले आणि थोड्याच आठवड्यांत भयंकर संख्येने पडले. त्यानंतर फिकट निळा गणवेश आला आणि १९१५ मध्ये चित्रकारांचे एक ‘कॅमोफ्लाज’ पथकच स्थापन झाले. त्यापूर्वी अमेरिकेत ॲबट थेयर या चित्रकाराने १९०९ च्या ग्रंथात प्राण्यांचे रंग लपण्यासाठीच असतात असा सिद्धांत मांडला होता, आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने त्यावर कडाडून हल्ला चढवला होता. रूझवेल्ट हाडाचा शिकारी. आफ्रिकेच्या मैदानातली जनावरे त्याने डोळ्यांनी पाहिलेली. थेयरने सरसकट नियम केला ही त्याची चूक खरी. पण रंगाने बाह्यरेषा मोडता येते, ही थेयरची नजर युद्धाला उपयोगी पडली. तिकडे स्कॉटलंडातले गिली बोअर युद्धासाठी १९०० साली उभारलेल्या ‘लोव्हॅट स्काउट्स’ या पथकात भरती झाले होतेच. त्यांतून १९१६ मध्ये नेमबाजांचे पथक निघाले. चिंध्या, दोर आणि गवत लावलेला त्यांचा झगा आज जगभरच्या सैन्यांत आणि शिकाऱ्यांत ‘गिली सूट’ म्हणून चालतो. चाकराचे नाव कापडाला चिकटले ते असे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने पॅसिफिक बेटांवरच्या सैनिकांना एका बाजूला हिरवट व दुसऱ्या बाजूला तपकिरी ठिपक्यांचे छापील कपडे दिले. तो नमुना नॉर्व्हेल गिलेस्पी या उद्यानतज्ज्ञाने काढला होता. युद्धानंतर उरलेला माल बाजारात स्वस्त विकला गेला आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी तो इतका उचलला की त्या नमुन्याचे नावच ‘डक हंटर’ पडले. शिकाऱ्याकडून सैन्याने घेतलेले कापड असे शिकाऱ्याकडे परत आले. १९८६ मध्ये बिल जॉर्डन याचा ‘रियलट्री’ आणि टॉक्सी हास याचा ‘मॉसी ओक’ हे दोन छाप निघाले. झाडाची साल, पाने, काटक्या जशाच्या तशा कापडावर. मग प्रत्येक रानाचा, प्रत्येक ऋतूचा वेगळा छाप आणि प्रत्येकाची वेगळी किंमत. दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला ही पाने फार खरी वाटतात. परंतु कापड विकत घेतो माणूस. हरीण दुकानात येत नाही.

१९९० च्या दशकात जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील तज्ज्ञांच्या साहाय्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा डोळा तपासला, तेव्हा असे आढळले की त्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या आहेत. तांबडा आणि केशरी यांना हिरव्यापासून वेगळे काढणारी तिसरी जात, जी आपल्या डोळ्यांत आहे, ती नाही. उलट निळ्या टोकाकडे हरणाला आपल्यापेक्षा चांगले दिसते. साबणाच्या भुकटीत पांढरेपणासाठी जी चकाकी घालतात ती त्याला उठून दिसण्याचा संभव अधिक. शेकडो डॉलरचा छापील पोशाख चकाकीच्या साबणाने धुतला की सालीचे आणि पानांचे सगळे छपाईकाम फुकट! बदके व रानटर्की यांचे मात्र निराळे. पक्ष्यांना रंग आपल्याहूनही चांगले कळतात, तेथे हिरवा-तपकिरी छाप खराच कामी येतो. वाघाचेही कोडे याच वाटेने सुटते. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की आपल्याला भडक केशरी दिसणारा वाघ, त्याच्या भक्ष्याच्या दोन-रंगी डोळ्यांना हिरव्या झाडोऱ्यात मिसळलेला दिसतो.

म्हणजे हरणाच्या शिकाऱ्याने केशरी घातले तरी हरणाचे काही अडत नाही. मग केशरी घालायचे कशासाठी? तर दुसऱ्या शिकाऱ्यासाठी. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला हंगामात रानोरान बंदूकवाले पसरू लागले, आणि झुडपात काही हालले की गोळी सुटून माणसे मरू लागली. जितका छद्मवेष चांगला तितका सोबत्याच्या गोळीचा धोका मोठा. म्हणून १९६० च्या दशकापासून एकेका राज्याने, बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याने डोक्यावर आणि छातीपाठीवर झगझगीत केशरी कापड घातलेच पाहिजे, असे कायदे करण्यास सुरुवात केली.

त्या झगझगीत रंगाचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९३३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉबर्ट स्विट्झर हा तरुण माल उतरवण्याच्या कामावर असता पडला आणि त्याच्या डोक्याला जबर इजा झाली. दृष्टी परत यावी म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले. त्या अंधारात चमकणाऱ्या द्रव्यांचा नाद त्याला आणि त्याच्या भावाला, जोसेफला लागला, आणि पुढे त्या दोघांनी दिवसाउजेडीही पेटल्यासारखे दिसणारे रंग तयार केले.

आता एक गोष्ट सांगतो, ती आम्ही वाचली तेव्हापासून मनातून जात नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या मेन राज्यात एक तरुण आई आपल्या घरामागच्या आवारात उभी होती. हातात पांढरे हातमोजे. शिकाऱ्याला ती हरणाची पांढरी शेपटी वाटली. गोळी लागून ती जागीच गेली. त्यानंतर गावात जी चर्चा झाली तीत कित्येकांनी विचारले ते हे, की हंगामात तिने केशरी का घातले नाही? घर तिचे, आवार तिचे, शिकारीशी तिचा संबंध नाही. तरी दोष तिच्या हातमोज्यांचा! गोळी झाडणाऱ्यावर पुढे खटला चालला आणि १९९० मध्ये तो निर्दोष सुटला.

ही भाषा आमच्या कानांना नवी नव्हती. कामगाराचे धोतर पट्ट्यात सापडले की चौकशीत पहिला प्रश्न धोतर ढिले का होते, हा. पट्ट्यावर जाळी का नव्हती, हा प्रश्न आम्हांस विचारावा लागे. वास्तविक १९४८ च्या कारखाना कायद्याने, चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला घट्ट कपडे मालकानेच पुरवावेत असे लिहून ठेवले होते, आणि यंत्राला कुंपण घालण्याचे कलम त्याच्याही आधीचे. केशरी कापडाचेही तसेच आहे. ते अवश्य वापरावे, त्याने जीव वाचतात. पण समोर हालणारे काय आहे याची खात्री करून मगच चाप ओढणे, हे ओझे बंदूकवाल्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या हातमोज्यांवर टाकता येत नाही.

हे केशरी कापड रानाबाहेर आले तेही कामगारासाठीच. १९६४ मध्ये ग्लासगोजवळ लोहमार्गाला नव्याने वीज आली होती. गाड्या पूर्वीपेक्षा वेगाने आणि कमी आवाजाने येऊ लागल्या. तेथे रुळांवर काम करणाऱ्यांना झगझगीत केशरी जाकिटे घालून पाहण्यात आली, गाडीच्या चालकाला माणूस दुरून दिसावा म्हणून. आज आपल्या रेल्वेवरचे गँगमन, रस्त्यावरचे डांबरकामगार आणि शहरांचे सफाई कामगार तेच घालतात. गॅटीची खाकी आणि हे केशरी यांत रंगाऱ्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. खाकी हा सुतातला गंज, तो उन्हाला दाद देत नाही. झगझगीत रंग मात्र उन्हाच्या माऱ्याने लवकर मरतो. उन्हात वापरलेले जाकीट काही महिन्यांत फिकट पिवळट होते आणि चालकाला ते दुरून दिसेनासे होते. म्हणून जाकीट द्यावे, एवढीच मागणी पुरत नाही. ते किती महिन्यांनी बदलून द्यावे, हेही आम्ही मागणीपत्रात लिहून ठेवतो.